दत्तू, ती टाळी माझी होती

दत्तू,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. काल पक्या घरी आला होता. आपल्या मंडळाचा सेक्रेटरी. म्हणाला, "मनोहरकाका, यंदाच्या गणपतीच्या स्मरणिकेत दत्तामामांवर दोन पानं द्या. तुमच्याशिवाय कोण लिहिणार? मिलच्या क्रिकेटचे किस्से टाका मस्त. फक्त ते टाळीचं नको. उगाच परत विषय."

मी हो म्हटलं आणि लिहायला बसलो. पण लिहितोय ते टाळीचंच.

चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कागदावर एकदा असू दे. भारत-पाकिस्तान सामन्याच्या संध्याकाळी आपल्या पटांगणात पडदा लावला होता. त्यांच्या बॅट्समनच्या एका फटक्याला मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. चाळीनं ठरवलं, दत्तारामनं वाजवली. तू मरेपर्यंत, म्हणजे सात महिने, तुला त्याची शिक्षा मिळत राहिली. ती टाळी तू वाजवली नव्हतीस. त्याच बाकावर तुझ्या उजव्या हाताला मी बसलो होतो. मी वाजवली.

आणि तू ती वाजवूच शकत नव्हतास, हे या चाळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

तू मिलच्या टीमचा विकेटकीपर आणि मी स्कोअरर. मला बॅट धरता यायची नाही, पण अक्षर चांगलं होतं, म्हणून टीमसोबत जायला मिळायचं. आपली खरी मॅच शेजारच्या मिलशी. दोन मिलमध्ये एकच भिंत. त्यांचा भोंगा आपल्या आधी दोन मिनिटं वाजायचा, त्याचाही आपल्याला राग. त्या मॅचला डबे घेऊन बायकापोरं यायची आणि शेवटी स्टंप उपटून एक मारामारी व्हायची, पाच-दहा मिनिटांची. दुसऱ्या दिवशी तीच माणसं एका टपरीवर चहा पीत उभी, कुणाच्या कपाळाला पट्टी, कुणाचा ओठ सुजलेला.

अशाच एका मॅचला एक चेंडू मॅटिंगवरून उसळला आणि तुझ्या डाव्या हातावर बसून सीमेपार गेला. ओव्हर संपेपर्यंत तू कुणाला काही बोलला नाहीस. ग्लव्ह काढला तेव्हा दोन बोटं उलट्या दिशेला. हाडवैद्यानं बसवली ती कायमची तळव्याकडे वळून राहिली. त्यानंतर तुझे दोन्ही तळवे कधी एकमेकांना मिळाले नाहीत. तुझा नमस्कारसुद्धा तिरका दिसायचा. आरतीला सगळे टाळ्या वाजवायचे, तू खांबापाशी उभा राहून उजव्या हातानं मांडीवर ताल धरायचास. पन्नास वर्षं. पक्या रांगत होता तेव्हापासून त्यानं ते पाहिलंय.

तो चेंडू मी वहीत बाय म्हणून लिहिला. चार बाय. म्हणजे चूक कीपरची. संध्याकाळी हात गळ्यात बांधून तू माझ्या दारात आलास.

"मन्या, तो बाय नाय. बॅटीक लागान इलो."

"अंपायरनं बाय दिला."

"अंपायर लांब होतो. तू जवळ होतंस. आवाज येवक नाय तुका?"

"मी लिहिलंय, दत्तू. शाईनं लिहिलंय."

"मगे खोड आणि बाजूक सही कर. स्कोअररची चूक स्कोअररनंच दुरुस्त करूची. दुसऱ्या कोणी केलेली मी मानूचंय नाय."

तो नियमच होता. वहीत चूक झाली तर खाडाखोड बाकी कुणी करायची नाही, कॅप्टननंही नाही. ज्यानं लिहिलं त्यानंच आडवी रेघ मारायची, वर खरं लिहायचं आणि शेजारी सही करायची. मी केलं नाही. तू पुढं कितीतरी वर्षं टोमणे मारलेस. माझ्या मुलाच्या लग्नाच्या पंगतीत व्याह्यांना सांगितलंस, "ह्यो नवरदेवाचो बापूस. माझ्या नावार चार बाय ह्येनाच घातल्यान." सगळे हसले, मीही हसलो.

आवाज मी ऐकला होता, दत्तू. बारीक टिचकी. पान स्वच्छ होतं, एकही खोड नव्हती, ते मला खराब करायचं नव्हतं. तुझी बोटं मोडली आणि मी पान जपलं. इतकंच कारण.

हात गेल्यावर तू एक पद्धत काढलीस. समोरच्या टीमच्या कुणी चांगला फटका मारला की स्टंपामागून माझ्या टेबलाकडे बघून ओरडायचास, "मन्या, हाण!" आणि तुझ्या वतीनं मी टाळी वाजवायचो. आपलेच लोक शिव्या द्यायचे, "मनोहर, तू कुणाच्या टीममधला रे?" मिल बंद पडली, मी एका कचेरीत कारकून झालो, तू मैदानावर माळ्याचं काम धरलंस, पिचवर रोलर फिरवलास. पुढं आपण बाकावर बसून टीव्हीवर मॅच बघायला लागलो तेव्हा ओरडणं बंद झालं. तू फक्त कोपर मारायचास. कोपर लागलं की माझे हात वाजायचे.

आता गेल्या वर्षीच्या मे महिन्याकडे येतो. ते चार दिवस.

जिन्याखालचा फळा माझ्याकडे. पाण्याची वेळ, मंडळाची सभा, कोण वारलं, स्मशानात कधी न्यायचं. मॅच असली की स्कोअर. पाकिस्तानशी लढाई सुरू झाली त्या सकाळी मी फळा पुसला, मधोमध उभी रेघ ओढली, डावीकडे 'आपण' लिहिलं, उजवीकडे 'ते'. टीव्हीवर जे सांगतील ते खाली मांडत गेलो. त्यांची विमानं, त्यांची ठाणी, त्यांची माणसं. क्रिकेटचं लिहितात तसंच, रंगीत खडूनं. एका वाहिनीनं त्यांचं एक शहर पडल्याचं सांगितलं. मी तेही मांडलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तसं काही झालंच नव्हतं. मी ते पुसलं नाही. लोक फळ्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. लोअर परळच्या ऑफिसात कामाला येणारी अनोळखी पोरं आत यायची, म्हणायची, "अंकल, एक सेल्फी." चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्या अक्षराला पहिल्यांदाच इतकी माणसं जमली होती.

तिसऱ्या दिवशी तू काठी टेकत खाली आलास. फळा वाचलास, मग माझ्याकडे बघितलंस.

"रे मन्या, ही काय वन-डे मॅच असा? हंयसर आउट झालेलो पुढच्या मॅचीक येणा नाय."

"दत्तू, वेळ काय, बोलतोस काय. आपली पोरं तिकडे उभी आहेत."

"ताच म्हणतंय. डाव्या बाजूक आपले किती पडले ता खंय लिवलंस?"

मी ते लिहिलं नव्हतं. टीव्हीवाले सांगत नव्हते आणि मी विचारत नव्हतो.

तू तुझ्या वाकड्या डाव्या हाताच्या पेरांनी फळा पुसलास, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. हात पांढरा झाला. पक्या धावत आला. "दत्तामामा, फळा मंडळाचा आहे हां. तुमच्या घरचा नाय."

"मंडळ काढला तेवा तुझो बापूस चड्डीत होतो रे. माका शिकवतंस?"

लोक हसले नाहीत. तुझ्या बोलण्यावर चाळ हसली नाही असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. संध्याकाळी मी फळा पुन्हा लिहिला, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पक्यानं तुझं नाव 'शेजारी' ठेवलं, म्हणजे सीमेपलीकडचा. पुढच्या दिवशी लढाई थांबली. तुझी मात्र तिथूनच सुरू झाली.

सप्टेंबरात गणपतीच्या शेवटच्या दिवशी मंडळानं मला शाल घातली, 'फळ्यावरून देशसेवा' म्हणून. तू मागे खांबापाशी होतास. मांडीवर तुझा हात हलला का ते मी बघितलं. हलला होता. माझ्या शालीसाठी.

आणि मग आठेक दिवसांनी ती मॅच. नाणेफेकीला दोघा कॅप्टननी हात मिळवले नाहीत आणि पटांगणात शिट्ट्या वाजल्या. त्यांची विकेट पडली की फटाके, त्यांचा चौकार गेला की शिव्या. कुणी घरातला जुना तवा आणून बडवत होतं. त्यात त्यांच्या एका डावखुऱ्यानं पाय पुढे टाकला, बॅट नुसती टेकवली, आणि चेंडू दोन फिल्डरांच्या मधून घरंगळत नव्हे, सरळ रेघेत गेला. एक क्षण सगळं गप्प झालं. त्या गप्प क्षणात माझे हात वाजले. दोनदा.

या सात महिन्यांत मी स्वतःला काय सांगत आलो ते लिहितो. की तू कोपर मारलंस. टाळी तुझी, माझे फक्त हात, नेहमीसारखे. झोपताना सांगायचो, दाढी करताना सांगायचो. इतक्या वेळा सांगितलं की कोपर लागल्याची जागाही आठवायला लागली.

तू कोपर मारलं नव्हतंस. तुझे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते.

पुढच्या रांगांतली डोकी वळली. बाकावर आपण दोघंच. पक्या उठून आला, माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. आठ दिवसांपूर्वीच शाल घातली होती ना.

"दत्तामामा, टाळी वाजवली तुम्ही?"

तू आधी माझ्याकडे बघितलंस. पुरेसा वेळ दिलास. मी पडद्याकडे बघत राहिलो, आणि पडद्यावर तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती. मग तू स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलंस आणि म्हणालास, "वाजयली. मगे?"

कुणीतरी म्हणालं, "मग तिकडंच जा ना राहायला." कुणीतरी तव्यावर हाणलं. तुला तिथून उठवलं. तू उठताना मी पाय आत घेतले, तुला जायला वाट मिळावी म्हणून. त्या संध्याकाळी मी तुझ्यासाठी केलं ते एवढंच.

दुसऱ्या सकाळपासून सुरू झालं. तू गॅलरीत आलास की वरच्या मजल्यावरून एक टाळी. मग समोरून. मग खालून. तू संडासाकडे निघालास की टाळ्या, दूध आणायला उतरलास की टाळ्या. सावकाश, एकेक, जशा नाटक पडल्यावर वाजवतात. शाळकरी पोरं शिकली, त्यांच्या आया हसून आत गेल्या. पहिले काही दिवस तू गंमत केलीस. टाळी आली की थांबायचास आणि अर्धशतक मारलेल्या बॅट्समनसारखी काठी वर करायचास. चारी बाजूंना. लोक आणखी वाजवायचे. मला वाटलं, याला काही लागत नाही. तसं वाटणंच माझ्या सोयीचं होतं. मग काठी वर जायची थांबली. मग तू आरतीला यायचा थांबलास. नवरात्रात देवीपुढे तुझ्या खांबापाशी कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या.

मीही तुझ्याकडे यायचा थांबलो. वहिनी जिन्यात भेटल्या की विचारायचो, "बरा आहे ना?" त्या म्हणायच्या, "येवन बघा ना, भावजी." मी म्हणायचो, "येतो उद्या."

आता दुसरी गोष्ट. हिचा अर्थ माझ्याशिवाय आणि तुझ्याशिवाय कुणालाच कळला नव्हता.

डिसेंबरातली सकाळ. पाणी आलं होतं, गॅलरीत मी बादली भरत होतो, शेजारी पक्या ब्रश करत उभा. तू खाली चौकात आलास, हातात औषधाची पिशवी. पक्या तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "काका, तुमच्या दोस्ताला सलामी द्या की. तुम्ही कधी देतच नाय. लोक बोलतात."

लोक बोलतात, एवढ्यावर मी नळ बंद केला, हात पंच्याला पुसले आणि वाजवले. दोनदा.

तू वर बघितलं नाहीस. माझी टाळी तू स्टंपामागून वीस वर्षं ऐकलीस, बघायची गरज नव्हती. तू थांबलास. कितीतरी आठवड्यांनी तुझी काठी वर गेली. पूर्ण नाही, खांद्यापर्यंत. मग खाली आली आणि तू जिना चढायला लागलास. पक्या हसला. "बघा, तुमची टाळी लागली त्याला."

त्यानंतर तू खाली उतरल्याचं मला आठवत नाही. एप्रिलात चार माणसांनी उतरवलं.

फळ्यावर तुझी बातमी मीच लिहिली. नाव, वेळ, स्मशान. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं, याची मला लाज वाटते.

तिरडीवर तुला घेतल्यावर हात जोडून छातीवर ठेवायची वेळ आली. पुढे पक्याच. त्यानं तुझा उजवा हात धरला, डावा धरला, जुळवायला गेला. जुळेनात. त्यानं जोर लावला. बोटं मध्ये येत होती. त्यानं एकदा सोडून परत धरलं, तसा थांबला. तुझे ते दोन हात हातात घेऊन तो बघत राहिला. मग मान वर करून त्यानं थेट मला बघितलं. बाकावर दोघंच होतो हे त्याला तेव्हा आठवलं असणार.

मला वाटलं, आता हा बोलेल. त्यानं झेंडूचा हार घेतला, तुझ्या हातांवर नीट पसरला आणि म्हणाला, "चला, उचला."

बाराव्याला पटांगणात शोकसभा. जिथं पडदा बांधला होता त्याच दोन बांबूंना तुझा फोटो. खाली 'क्रीडाप्रेमी दत्तामामा यांना भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली टाळ्या वाजवणाऱ्यांची नावं, शुभेच्छुक म्हणून. मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "त्या मॅचला टाळी दत्तूनं वाजवली नाही. मी वाजवली. त्याचे हात तुम्ही पाहिलेत. सात महिने मी गप्प बसलो."

एवढं बोलायला मला सात महिने लागले होते. पुढं काय होईल याची मी तयारी करून गेलो होतो. शाल पिशवीत घालून नेली होती, परत द्यायला.

पक्या उठला. डोळे पुसले. "बघा मंडळी, याला मैत्री म्हणतात. मेलेल्या दोस्ताचं नाव साफ करायला काकांनी आळ स्वतःवर घेतला. आजच्या पिढीनं शिकण्यासारखं आहे." आणि त्यानं टाळी वाजवली. मग सगळ्या पटांगणानं वाजवली. सावकाश नाही, कडाडून. बायका रडत होत्या. मी "नाही, नाही" म्हणत होतो आणि टाळ्या वाढत होत्या. तुझ्या फोटोपुढे मला फूल दिलं, दत्तू.

वहिनी तेवढ्या बसून होत्या, हात पदरात. सगळे पांगल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं. तुझी काठी दाराआड तशीच होती.

"माका त्याच दिवशी सांगितल्यानी," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या. टाळी मन्याची होती म्हणान. मी म्हटलंय, मगे तुमी बोला, सगळ्यांका सांगा. तर म्हणाले, मी सांगान उपयोग नाय. लिवलेला मन्यान. दुरुस्ती त्येनाच करूची. तो करतलो."

मी विचारलं, "किती दिवस वाट बघितली?"

"दाराची कडी वाजली काय विचारीत, मन्या इलो?" त्या काठीकडे बघत होत्या. "डिसेंबरापासून विचारूचे बंद झाले."

म्हणून हे स्मरणिकेत देतोय. पक्यानं कापलं तर फळ्यावर लिहीन. पुसलं तर परत लिहीन, फळा पुसायला माझ्याकडे तुझ्यासारखा हात नसला तरी लिहायला आहे. ज्यांना अजूनही ही मैत्री वाटते, त्यांनी आपल्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्यात दाबून धरावी आणि टाळी वाजवून बघावी.

आणि तुझ्यासाठी हे. वही मिलबरोबर गेली, म्हणून इथेच करतो.

चार बाय, खोडले. चेंडू बॅटला लागून आला होता. आवाज स्कोअररनं ऐकला होता.

सप्टेंबरातली टाळी: दत्ताराम, खोडलं. मनोहर.

डिसेंबरातली टाळी: मनोहर. ही खोडता येत नाही.

सही,
मनोहर